राष्ट्रीय जालक व भौगोलिक सहनिर्देशक

भूपृष्ठावरील एखाद्या स्थळाचे स्थान सांगण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिल्या रीतीत ते अक्षांश व रेखांश या दोन कोनांनी सांगतात. त्यांना भौगोलिक सहनिर्देशक म्हणतात. दुसऱ्या रीतीत वक्र भूपृष्ठ एखाद्या प्रक्षेपणाने सपाट कागदावर आणतात, त्यावर समान अंतरांच्या उभ्याआडव्या सरळ रेषांचे जाळे आखतात आणि ठराविक मूळबिंदूपासून ते स्थळ पूर्वेस व उत्तरेस किती अंतरावर आहे ते सांगतात. असे जाळे एखाद्या देशाने आपल्या सर्व नकाशांसाठी अधिकृत रीत्या स्वीकारले म्हणजे त्यास राष्ट्रीय जालक अशी संज्ञा देतात. एका रीतीतील स्थान दुसऱ्या रीतीत आणणे हे पूर्वी सर्वेक्षण खात्यातील गणकांचे काम होते. संगणकीय नकाशांच्या आज्ञावल्यांमुळे ते आता कोणालाही क्षणार्धात करता येते. परंतु या सोयीपोटीच काही जुन्या चुका नव्याने पसरल्या आहेत. त्या समजण्यासाठी जालकांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

अक्षांश-रेखांश साऱ्या पृथ्वीला लागू पडत असले, तरी जमिनीवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने ते गैरसोयीचे आहेत. एक अंश रेखांशाचे अंतर सर्वत्र सारखे नसते. ५०° उत्तर अक्षवृत्तावर ते सुमारे ७२ किमी., तर ६०° अक्षवृत्तावर सुमारे ५६ किमी. भरते. त्यामुळे दोन स्थळांच्या अंशांवरून त्यांमधील अंतर वा दिशा सरळ वजाबाकीने मिळत नाही. तोफखान्याला मात्र नेमके हेच हवे असते. जालकांचा प्रसार शांततेच्या काळात झाला नाही, याचे कारण यातच आहे. पहिल्या महायुद्धात स्थिर आघाड्यांवर दृष्टिआडच्या लक्ष्यावर नकाशावरून मारा करण्याची वेळ आली, तेव्हा फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये लँबर्ट यांच्या अनुरूप शंकू प्रक्षेपणावर आधारलेले किलोमीटर जालक वापरात आणले. योहान हाइन्रिख लँबर्ट यांनी हे प्रक्षेपण १७७२ मध्ये मांडले होते. जवळजवळ दीड शतक ते गणितज्ञांच्या कुतूहलाचाच विषय राहिले. अनुरूप प्रक्षेपणात लहान क्षेत्रातील कोन जसेच्या तसे राहतात आणि कोन बरोबर असणे हेच तोफेला महत्त्वाचे असते. या अनुभवावरून ब्रिटिश सैन्यानेही युद्धानंतर आपल्या देशाच्या नकाशांवर यार्डांचे जालक छापण्यास प्रारंभ केला.

नागरी राष्ट्रीय जालकाचे उत्तम व पूर्ण अभ्यासिलेले उदाहरण ग्रेट ब्रिटनचे होय. तेथील ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे एकोणिसाव्या शतकात परगणावार तयार झाले होते. प्रत्येक परगण्यासाठी किंवा शेजारच्या काही परगण्यांसाठी निराळा मूळबिंदू व निराळे मध्य रेखावृत्त धरलेले असल्याने परगण्यांच्या सीमेवर दोन बाजूंचे नकाशे एकमेकांस जुळत नसत. शहरे वाढून या सीमा ओलांडू लागली, तसा हा दोष असह्य झाला. सर जॉन डेव्हिडसन यांच्या अध्यक्षतेखाली १९३५ मध्ये नेमलेल्या समितीने १९३८ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. सर्व देशासाठी एकच प्रक्षेपण, एकच मूळबिंदू व एकच जालक असावे आणि ते मीटरमध्ये असावे, अशी शिफारस त्यात होती. मैल व इंच यांवर पोसलेल्या देशात मीटरचे जालक सुचविणे धाडसाचे होते. एक मैलास एक इंच या प्रमाणाचे नकाशे पुढेही कित्येक वर्षे निघत राहिले, पण त्यांवरील चौकटी किलोमीटरच्या होत्या; ही विसंगती वाचकांनी फारशी कुरकुर न करता स्वीकारली.

जालकाची रचना अशी आहे : प्रक्षेपण आडवे मर्केटर, त्याचा खरा मूळबिंदू ४९° उत्तर अक्षवृत्त व २° पश्चिम रेखावृत्त यांच्या छेदावर. येथूनच अंतरे मोजली असती, तर पश्चिमेकडील निम्म्या देशाचे आकडे ऋण आले असते. म्हणून मूळबिंदू ४०० किमी. पश्चिमेस व १०० किमी. उत्तरेस सरकवून सिली बेटांच्या नैर्ऋत्येस समुद्रात एक कल्पित मूळबिंदू मानला गेला. प्रक्षेपणामुळे मध्य रेखावृत्तापासून दूर जावे तसे अंतर फुगत जाते. हा दोष देशभर वाटून टाकण्यासाठी मध्य रेखावृत्तावरील प्रमाण ०·९९९६०१२७१७ एवढे कमी धरले आहे. म्हणजे त्या रेषेवर जमिनीवरील १०० किमी. अंतर जालकावर सुमारे ४० मी. कमी दिसते, दोन्ही बाजूंस सुमारे १८० किमी.वर ते बरोबर येते व त्यापलीकडे वाढते. जालकाच्या उभ्या रेषाही २° पश्चिम रेखावृत्त सोडून अन्यत्र खऱ्या उत्तरेकडे जात नाहीत. पूर्व किनाऱ्यावर हा फरक सुमारे ३° होतो.

मोठे आकडे टाळण्यासाठी अक्षरांची योजना केली आहे. प्रथम ५०० किमी. बाजूचे चौरस व त्या प्रत्येकात १०० किमी. बाजूचे पंचवीस चौरस; रोमन वर्णमालेतील आय हे अक्षर वगळून उरलेल्या पंचवीस अक्षरांनी ते ओळखले जातात. अक्षरांनंतर आधी पूर्वांतराचे व मग उत्तरांतराचे अंक येतात. सहा अंकी निर्देश १०० मी. बाजूचा चौरस दाखवितो, आठ अंकी १० मी.चा. अक्षरे गाळली, तर तोच अंकगट दर १०० किमी.वर पुन्हा येतो. कित्येक जुन्या नोंदी याच कारणाने निरुपयोगी ठरल्या आहेत.

जालकनिर्देश हा बिंदूचा नसून चौरसाचा असतो व चौरसाचे नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडते, ही गोष्ट आज्ञावल्या वापरणाऱ्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही. मूळ नोंद करताना उरलेले अंक पूर्णांकात न आणता सोडून द्यावयाचे असतात. आज्ञावली मात्र त्या निर्देशाचे अक्षांश-रेखांश काढताना बहुधा कोपरा हाच बिंदू समजते व उत्तर अंशाच्या सहा दशांश स्थळांपर्यंत देते. ब्रिटिश वनस्पतींच्या प्रसाराचा १९६२ साली प्रसिद्ध झालेला मानचित्रसंग्रह १० किमी. बाजूच्या चौरसांवर बेतलेला होता. अशा चौरसाचे कोपऱ्यात रूपांतर केल्यास मध्यापासून प्रत्येक दिशेने ५ किमी., म्हणजे तिरकस सुमारे ७ किमी.ची चूक होते आणि किनाऱ्यावरची झाडे समुद्रात जाऊन पडतात. दशांश स्थळांची संख्या म्हणजे अचूकता नव्हे, हे जुन्या गणकाला शिकवावे लागत नसे; लिहिलेला प्रत्येक अंक त्याने हाताने काढलेला असे.

जालकाच्या पाठीशी जमिनीवरील मोजणी असावी लागते. ब्रिटनचे मूळ त्रिकोणीकरण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८५३ पर्यंत चालले होते. मार्टिन होटीन यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये नवे त्रिकोणीकरण हाती घेण्यात आले. डोंगरमाथ्यांवर दिसणारे काँक्रीटचे निमुळते चौकोनी स्तंभ ही त्याची खूण होय. दुसऱ्या महायुद्धामुळे खंड पडून हे काम १९६२ मध्ये पुरे झाले. पृथ्वीचा आकार म्हणून जॉर्ज बिडेल एअरी यांनी १८३० मध्ये दिलेला विवृत्ताभच कायम ठेवला गेला. नव्या जाळ्याचे आकारमान व दिशा जुन्या त्रिकोणीकरणातील ११ स्थानकांशी जुळवून घेण्यात आली. हेतू असा की, आधीचे नकाशे फार हलू नयेत. यांत्रिक गणनयंत्रांवर साऱ्या देशाची समीकरणे एकाच वेळी सोडविणे अशक्य असल्याने देशाचे भाग पाडून, आधीचा भाग पक्का धरून पुढचा त्यास जोडण्यात आला. साहजिकच भागागणिक विकृती साचत गेली. संगणक हाताशी आल्यावर १९७० मध्ये व पुढे १९८० मध्ये सारे जाळे एकत्र सोडविण्यात आले, तेव्हा या विकृती स्पष्ट झाल्या. तरीसुद्धा नव्या गणिताने नकाशे बदलण्यात आले नाहीत. हा निर्णय शास्त्राला सोडून असला, तरी व्यवहाराला धरून होता. जलवाहिन्या, मालमत्तेच्या सीमा, खाणी, रस्ते यांच्या असंख्य नोंदी जुन्या आकड्यांवर उभ्या होत्या आणि ते आकडे परिपूर्ण नसले, तरी परस्परांशी सुसंगत होते.

प्रत्यक्ष रूपांतराचे गणित दोन टप्प्यांचे आहे आणि हे दोन टप्पे निराळ्या स्वरूपाचे आहेत, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिला टप्पा प्रक्षेपणाचा. एअरी विवृत्ताभावरील अक्षांश-रेखांश दिले असता आडव्या मर्केटर प्रक्षेपणाच्या सूत्रांनी पूर्वांतर व उत्तरांतर निघतात. कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी हॅनोव्हरच्या सर्वेक्षणासाठी या प्रक्षेपणाचा विचार केला होता. लुई क्र्यूगर यांनी १९१२ मध्ये त्याची सूत्रे व्यवस्थित मांडली आणि रेडफर्न यांनी १९४८ मध्ये ती गणनेस सोयीच्या श्रेढींच्या रूपात दिली. अनेक आज्ञावल्यांत याच श्रेढी आहेत. उलट दिशेने जाताना उत्तरांतरावरून अक्षांश एकदम मिळत नाही. अंदाज घेऊन तो पुनःपुन्हा सुधारीत जावे लागते. हा टप्पा निव्वळ गणिताचा आहे, त्यात मोजणीची चूक शिरत नाही व उत्तर मिलिमीटरपर्यंत बरोबर काढता येते. ऑर्डनन्स सर्व्हेने आपल्या मार्गदर्शिकेत दिलेले उदाहरण येथे उपयोगी पडेल : नॉरफॉक परगण्यातील केस्टर येथील पाण्याच्या मनोऱ्याचे एअरी विवृत्ताभावरील स्थान ५२° ३९′ २७·२५३१″ उत्तर व १° ४३′ ४·५१७७″ पूर्व. त्यावरून पूर्वांतर ६,५१,४०९·९०३ मी. व उत्तरांतर ३,१३,१७७·२७० मी. येते. ६०० व ३०० किमी. हे शतकिलोमीटरांचे आकडे टी-जी या अक्षरांत सामावतात आणि टीजी ५१४०९ १३१७७ असा निर्देश तयार होतो.

दुसरा टप्पा भूगणितीय आधाराचा. अक्षांश-रेखांश हे निसर्गदत्त, एकमेव आकडे आहेत असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. कोणता विवृत्ताभ घेतला व तो पृथ्वीशी कसा बसविला, यावर ते अवलंबून असतात. कृत्रिम उपग्रहांच्या साह्याने मिळणारे स्थान १९८४ च्या जागतिक भूगणितीय पद्धतीवर असते. तिच्या विवृत्ताभाची दीर्घ अर्धअक्ष लांबी ६३,७८,१३७ मी. असून एअरींची त्याहून सुमारे ५७४ मी. कमी आहे, शिवाय दोन्हींचे मध्य एकाच जागी नाहीत. म्हणून वरील मनोऱ्याचेच जागतिक पद्धतीतील स्थान अक्षांशात सुमारे १·५ विकलांनी व रेखांशात सुमारे ६·७ विकलांनी निराळे येते. जमिनीवर हा फरक १३० मी.च्या आसपास आहे. ग्रिनिच येथे वेधशाळेतील रेखावृत्ताच्या पट्टीवर उभे राहून उपग्रहग्राहक पाहिला असता त्यावर शून्य रेखांश दिसत नाही. तो पूर्वेस सुमारे १०२ मी.वर दिसतो. त्यातही नकाशांचे शून्य रेखावृत्त एअरींच्या प्रसिद्ध रेषेचे नसून तिच्या पश्चिमेस सुमारे ६ मी.वर असलेल्या, जेम्स ब्रॅड्ली यांच्या जुन्या दुर्बिणीच्या रेषेचे आहे, कारण त्रिकोणीकरण एअरींच्या दुर्बिणीआधीच सुरू झाले होते.

हा फरक बराच काळ कोणाच्या नजरेस आला नाही. अमेरिकेने नागरी ग्राहकांसाठी उपग्रहसंकेतांत हेतुतः मिसळलेली अशुद्धी सुमारे १०० मी.ची असल्याने आधारातील चूक तीत लपून जाई. मे २००० मध्ये ही अशुद्धी काढून टाकण्यात आली, ग्राहक काही मीटरांपर्यंत बरोबर सांगू लागले आणि आधार न बदलता नकाशावर टाकलेली स्थाने शेजारच्या रस्त्यावर वा शेतात पडताना दिसू लागली. धुक्यात कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाचा शोध घेणाऱ्या पथकाच्या दृष्टीने शंभर मीटर म्हणजे कड्याची वरची की खालची बाजू, एवढा प्रश्न असतो.

आधार बदलण्याची सोपी रीत जर्मन भूगणितज्ञ फ्रीड्रिख रोबेर्ट हेल्मर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. अक्षांश, रेखांश व उंची यांचे पृथ्वीच्या मध्यापासूनच्या तीन सरळ अंतरांत रूपांतर करून तीन सरकवण्या, तीन सूक्ष्म परिवलने व प्रमाणातील एक बदल असे सात आकडे लावावयाचे. ब्रिटनसाठी यांपैकी प्रमाणातील बदल दशलक्षांश सुमारे २०·५ आहे; म्हणजे १,००० किमी.मागे २० मी. जुन्या जाळ्यात साचलेल्या चुकीचे मोजमाप याहून स्पष्ट मिळणार नाही. सात आकडे संपूर्ण देशासाठी एकच असल्याने भागागणिक बदलणारी विकृती त्यांनी निघत नाही व सुमारे ५ मी.पर्यंत चूक उरते. पदयात्रेला हे पुरते, जमिनीच्या मोजणीला पुरत नाही. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेने दर किलोमीटरवरील बिंदूसाठी सरकवणीचे दोन आकडे देणारा तक्ता तयार केला. २००२ मध्ये व पुढे २०१६ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या प्रसृत झाल्या. ७०० बाय १,२५० किमी.च्या या तक्त्यात ८,७६,९५१ बिंदू आहेत. मधल्या ठिकाणचे मूल्य चार कोपऱ्यांवरून अंतर्वेशनाने काढतात. जुन्या त्रिकोणी स्थानकांशी त्याचा मेळ सुमारे ०·१ मी. इतका बसतो.

या तक्त्याने एक मोठा बदल घडविला. पूर्वी डोंगरावरील स्तंभ हेच जालकाची व्याख्या होते व बाकी सर्व त्यांवरून मोजले जाई. २००२ पासून उपग्रहस्थानके व तक्ता मिळून जालक ठरवितात. स्तंभ एखाद्या स्मारकासारखे उरले आहेत. तक्ता ज्या यूरोपीय आधारावर बसविला आहे, तो १९८९ मध्ये यूरोप खंडाशी जखडलेला असून जागतिक आधार त्यापासून वर्षाला सुमारे २·५ सेंमी. दूर जात आहे. खंडच सरकत असल्याने हा फरक अटळ आहे.

संगणकीय आज्ञावल्यांत या सर्व गोष्टी एका संकेतांकामागे दडलेल्या असतात. खनिज तेल उद्योगातील सर्वेक्षकांनी संकलित केलेल्या, ई. पी. एस. जी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सूचीत ब्रिटिश राष्ट्रीय जालकाचा क्रमांक २७७०० व जागतिक पद्धतीतील अक्षांश-रेखांशांचा ४३२६ आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जेराल्ड एव्हेंडन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली प्रोज ही आज्ञावली पुढे बहुतेक मुक्त नकाशाप्रणालींचा पाया बनली. तिच्या जुन्या रीतीत प्रक्षेपणाचे घटक एका ओळीत लिहीत. त्या ओळीत आधारबदलाचे सात आकडे लिहावयाचे राहिले, तर आज्ञावली तक्रार न करता केवळ प्रक्षेपण करी व उत्तर शंभरेक मीटरांनी चुकत असे. २०१९ मधील सहाव्या आवृत्तीपासून दोन आधारांमधील उपलब्ध रूपांतरे त्यांच्या अचूकतेसह पाहून निवडण्याची सोय तीत आली. अक्षांश आधी लिहावा की रेखांश, हा वादही जुनाच आहे. सूचीनुसार ४३२६ मध्ये अक्षांश आधी येतो, तर कित्येक आज्ञावल्या गणिती प्रघाताप्रमाणे आडवे अंतर, म्हणजे रेखांश, आधी घेतात.

भारतातील जालक : भारतात विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासनजीक आधाररेषा मोजून आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांचा विवृत्ताभ स्वीकारला गेला. तोही १८३० चाच आहे. त्याची दीर्घ अर्धअक्ष लांबी ६३,७७,२७६ मी., म्हणजे जागतिक पद्धतीपेक्षा सुमारे ८६१ मी.नी कमी. मध्य भारतातील कल्याणपूर हे स्थानक आधारबिंदू होते. भारतीय पट्ट्यांची विभागणी अक्षांश-रेखांशांवर झाली : चार अंशांच्या चौकटीस क्रमांक, तिच्यातील एकेक अंशास अक्षर व त्यातील पंधरा कलांच्या पट्टीस पुन्हा क्रमांक. पुणे शहर ४७ एफ/१४ या पट्टीवर येते, हे महाराष्ट्रातील भूगोलाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. जुने नकाशे वापरताना मात्र जपावे लागते. त्यांतील रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले असून ते तारायंत्राच्या साह्याने पुढे झालेल्या निश्चितीपेक्षा सुमारे अडीच कलांनी अधिक आहेत. महाराष्ट्राच्या अक्षांशांत हे अंतर चार किमी.हून जास्त भरते.

सैनिकी उपयोगासाठी देशाचे लँबर्ट शंकू प्रक्षेपणावरील अनेक विभाग पाडण्यात आले. प्रत्येक विभागाचा कल्पित मूळबिंदू खऱ्या मूळबिंदूपासून ३० लाख यार्ड पश्चिमेस व १० लाख यार्ड दक्षिणेस धरला आहे आणि मध्य अक्षवृत्तावरील प्रमाण ८२४ भागांत एक भाग कमी ठेवले आहे, त्यामुळे तेथे १०० किमी.मागे सुमारे १२१ मी. कमी भरतात. येथील यार्ड भारतीय आहे : ०·९१४३९८५ मी. आंतरराष्ट्रीय यार्ड ०·९१४४ मी. असल्याने फरक डोळ्यांत न भरण्याजोगा दिसतो, परंतु ३० लाख यार्डांवर तो ४·५ मी. होतो. महाराष्ट्राचा २१° अक्षवृत्ताच्या दक्षिणेकडील भाग १९° उत्तर व ८०° पूर्व या मूळबिंदूच्या विभागात, तर नागपूरसह उत्तरेकडील पट्टा २६° उत्तर व ७४° पूर्व या मूळबिंदूच्या विभागात मोडतो. पुण्याच्या व नागपूरच्या जालकनिर्देशांची वजाबाकी करून अंतर काढता येत नाही. आधी दोन्हींचे अक्षांश-रेखांश काढावे लागतात.

ब्रिटनमध्ये जालक हे शाळकरी मुलांच्या हाती पडले. भारतात मात्र जालक छापलेले नकाशे दीर्घकाळ प्रतिबंधित राहिले व नागरिकांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. संरक्षणाची काळजी समजण्यासारखी असली, तरी यामुळे अभियंते, भूवैज्ञानिक व पुरातत्त्वज्ञ यांना स्थाननिर्देशाची समान भाषा लाभली नाही, हे नुकसान मोठे आहे. उत्खननाच्या जुन्या अहवालांत अमुक गावच्या वायव्येस दोन मैल अशी नोंद आढळते, तिचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. १९ मे २००५ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका व मुक्त मालिका अशा दोन मालिका केल्या. मुक्त मालिकेचे नकाशे जागतिक आधारावर व सार्वत्रिक आडव्या मर्केटर प्रक्षेपणावर आहेत. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी व डिसेंबर २०२२ मधील राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने निर्बंध आणखी सैल केले. एव्हरेस्ट आधारावरच्या जुन्या पट्ट्यांवरून काम करणाऱ्यास मात्र आधारबदल करावाच लागतो; महाराष्ट्रात हा फरक शंभर मीटरांच्या घरात आहे. सार्वत्रिक पद्धतीत सहा अंश रेखांशांचे पट्टे असून ७८° पूर्व रेखावृत्त ही ४३ व ४४ या पट्ट्यांमधील सीमा आहे. त्यामुळे पुणे ४३ व्या पट्ट्यात व नागपूर ४४ व्या पट्ट्यात येते. लँबर्ट विभागांत ती अक्षवृत्ताने दुभागली होती, आता रेखावृत्ताने दुभागली आहेत.